कार्ड मिळेल हो, पण हातांचं काय?

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या टपालात लोणच्याच्या बुरशीपासून जावेच्या अबोल्यापर्यंत नेहमीचं सगळं आहे. ते पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवते. आज एकाच पत्राला सारी जागा द्यायची आहे. त्याचं उत्तर लिहायला बसले आणि वाटलं, हे उत्तर त्या एकीलाच धाडून भागायचं नाही, तुम्हा सगळ्यांच्याच कामाचं आहे.

पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका भगिनीचं आहे. त्या लिहितात :

“ताई, मी जी.एन.एम. झालेली नर्स. लग्नानंतर दोन वर्षं नोकरी केली, मग पहिलं बाळंतपण आलं आणि नोकरी सुटली ती सुटलीच. आता धाकटा पहिलीत गेलाय. आमच्या गावात मुलांच्या एका दवाखान्यात जागा आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खुशाल या, पण बी.एल.एस. आणि पाल्स अशी दोन सर्टिफिकेटं घेऊन या. त्यासाठी पुण्याला जाऊन राहावं लागेल, फीही बरीच आहे. सासूबाई म्हणतात, तोवर पोरांचं कोण करणार? आणि हे म्हणतात, जायचं कशाला, पैसे पाठवले की एक जण फोनवर कार्ड धाडतो, माझ्या मित्राच्या भावानं तसंच मागवलं. मला ते पटत नाही, पण घरात वादही नको वाटतो. काय करू?”

बाई, तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. पण नुसतं “चूक आहे” म्हणून घरातलं माणूस ऐकत नाही, त्याला कारण लागतं. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या इंग्रजी आद्याक्षरांचा गुंता सोडवू. बी.एल.एस. म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट. माणसाचं हृदय थांबलं, श्वास थांबला, तर औषध-सुई काही न वापरता, हातांनी आणि तोंडानं (दवाखान्यात फुगा-मुखवट्यानं) त्याला तगवून कसं धरायचं, ते यात शिकवतात. हा पाया. ए.सी.एल.एस. म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड कार्डिओव्हॅस्क्युलर लाइफ सपोर्ट, मोठ्या माणसांसाठी. त्यात हृदयाचा आलेख वाचणं, शॉक देणं, कोणतं औषध केव्हा द्यायचं हे येतं. आणि पी.ए.एल.एस., ज्याला सगळे “पाल्स” म्हणतात, ते लहान मुलांसाठी. हे तिन्ही कोर्स अमेरिकन हार्ट असोसिएशनचे, आणि आपल्याकडे त्यांनी मान्यता दिलेल्या केंद्रांत होतात. बी.एल.एस. एका दिवसात आटपतं, बाकीच्या दोहोंना साधारण दोन दोन दिवस जातात. पाल्सला जाणाऱ्याला बी.एल.एस. येतंच असं धरून चालतात, म्हणून डॉक्टरीणबाईंनी दोन्ही मागितली. कार्ड दोन वर्षं चालतं.

आपल्या १०८ च्या गाड्यांतही हेच दोन प्रकार असतात बरं का. महाराष्ट्रात २०१४ साली ही सेवा सुरू झाली तेव्हा गाड्या होत्या ९३७. त्यांतल्या २३३ अ‍ॅडव्हान्स्ड आणि ७०४ बेसिक. गाडी बेसिक म्हणजे कमी प्रतीची, असा आपला समज होतो. तसं नाही. बेसिक जमलं नाही तर अ‍ॅडव्हान्स्डमधलं एकही औषध उपयोगी पडत नाही. शिरेत सोडलेलं औषध हृदयापर्यंत न्यायला रक्त फिरायला हवं, आणि हृदय बंद असताना ते फिरवणार कोण? छातीवरचे हात.

आता त्या फोनवरच्या कार्डाचं. त्याला मी सरळ खोटं कार्ड म्हणते. खऱ्या कोर्समध्ये अभ्यासाचा भाग घरी संगणकावर करता येतो, ही सोय आहे. त्यामुळे लोकांना वाटतं की सगळंच घरबसल्या होतं. पण हातांची परीक्षा द्यायला बाहुलीसमोर गुडघे टेकावेच लागतात. शिवाय खऱ्या कार्डावर एक क्रमांक असतो, तो टाकून नोकरी देणारा संघटनेच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत खातरजमा करून घेऊ शकतो. पकडलं गेलं तर तुमच्या नर्सिंगच्या नावाला बट्टा. हे यजमानांना सांगा, हिशेबी माणसाला ही भाषा कळते.

पण पकडलं जाणं हा माझ्या मते लहान धोका. मोठा धोका पकडलं न जाण्याचा आहे. समजा, कार्ड खपलं, नोकरी लागली. चार महिन्यांनी रात्रपाळीला न्यूमोनियाचं नऊ महिन्यांचं बाळ तुमच्या हातात निळं पडलं. डॉक्टरीणबाई घरून निघाल्यात, यायला दहा मिनिटं. त्या वेळी कपाटातलं कार्ड काय कामाचं? बाळाची आई तुमच्या तोंडाकडे बघणार, आणि तुम्ही तुमच्या हातांकडे.

मुलांसाठी वेगळा कोर्स कशाला, असं कुणी विचारलं तर त्याचं कारण नीट समजून घ्या. मोठ्या माणसाचं हृदय बहुधा अचानक बंद पडतं. ठोक्यांची लय बिघडते आणि चालता-बोलता माणूस कोसळतो. क्षणापूर्वीपर्यंत तो श्वास घेत होता, तेव्हा रक्तात काही वेळ पुरेल इतका प्राणवायू असतो. ते रक्त छाती दाबून मेंदूपर्यंत पोचवलं तर सुरुवातीच्या मिनिटांत बरंच साधतं. मुलाचं उलटं असतं. त्याचं हृदय सहसा धडधाकट असतं. आधी बिघडतो तो श्वास : बुडणं, घशात काही अडकणं, न्यूमोनिया, दमा. प्राणवायू कमी कमी होत जातो, हृदय मंदावतं आणि शेवटी थांबतं. म्हणून मुलाला नुसती छाती दाबून भागत नाही, श्वासही द्यावा लागतो. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की मुलाच्या बाबतीत बहुतेक वेळा आधी इशारा मिळतो. तो ओळखला तर हृदय थांबायची वेळच येत नाही. पाल्सच्या दोन दिवसांतला मोठा भाग हा इशारा ओळखण्यातच जातो.

आणि तो कसा ओळखायचा, तर दारातूनच. मुलाला हात लावण्याआधी तीन गोष्टी बघायच्या : मूल दिसतंय कसं, श्वास घेतंय कसा, आणि रंग कसा आहे. आईकडे बघतंय, रडतंय, हातपाय झाडतंय की मलूल पडलंय? श्वासाबरोबर फासळ्यांमध्ये खड्डा पडतोय का, नाकपुड्या फुलताहेत का, कण्हतंय का? ओठ गुलाबी, पांढुरके की निळसर? वाचताना हसू आलं असेल तुम्हाला! हे तर आपण पाळण्याशी उभ्या राहून रोज करतो. आपल्या आज्या “पोराचा चेहरा बरा दिसत नाही गं” म्हणायच्या ते हेच. कोर्समध्ये त्याला क्रम दिलाय आणि प्रत्येक खुणेपुढे काय करायचं ते ठरवून दिलंय, एवढाच फरक. म्हणून म्हणते, दोन मुलं वाढवलेल्या नर्सला पाल्स जड जायचं कारण नाही.

मुलांच्या औषधाचं गणितही वजनावर असतं आणि घाईत मूल काट्यावर ठेवायला वेळ नसतो. त्यासाठी १९८० च्या दशकात ब्रोस्लो आणि ल्युटेन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी एक पट्टी काढली. शिंप्याच्या टेपसारखीच, पण रंगीत पट्ट्यांची. मुलाशेजारी उलगडायची, टाच ज्या रंगावर येईल त्यावरून वजनाचा अंदाज आणि औषधाची मात्रा. अर्थात ती अमेरिकेतल्या बाळसेदार मुलांवर बेतलेली, तेव्हा आपल्या मुलांचं वजन ती पुष्कळदा जास्त दाखवते असं इथल्या पाहणीत दिसून आलंय. वर्गात हे विचारा. शिकवणारा चांगला असेल तर खूश होईल.

आणखी एक गोष्ट या वर्गांत शिकवतात, ती मला फार आवडते. कार्यघरच्या स्वयंपाकात काय होतं? आमटीत मीठ एक तर दोनदा पडतं, नाही तर पडतच नाही, कारण प्रत्येकीला वाटतं दुसरीनं घातलं. रुग्णाभोवती पाच माणसं धावू लागली की अगदी तसंच होतं. म्हणून तिथं एकीनं पुढारी व्हायचं आणि काम नाव घेऊन सांगायचं. जिला सांगितलं तिनं ते मोठ्यानं परत म्हणायचं, आणि झाल्यावर “झालं” म्हणून सांगायचं. नर्सनं डॉक्टरांची चूक दिसली तर गप्प बसायचं नाही, तिथल्या तिथं बोलायचं, हेसुद्धा शिकवतात. सुनांनाही कुणी हे शिकवावं, असं वाटून गेलं.

परीक्षेची धास्ती घेऊ नका. बी.एल.एस.ला लेखी पंचवीस प्रश्न, पाल्सला पन्नास, आणि दोन्हीकडे शेकडा ८४ गुण हवेत. पुस्तक उघडून पाहायची मुभा असते. खरी परीक्षा हातांची, पण नापास झालात तर तिथंच पुन्हा शिकवतात.

हे सगळं आलं कुठून, तेही यजमानांना सांगायला हरकत नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोव्हन नावाचे एक विजेचे इंजिनिअर होते. डॉक्टर नव्हेत, इंजिनिअर! कुत्र्यांवर शॉकचे प्रयोग चालले असताना त्यांचा सहकारी गाय निकरबॉकर याला दिसलं, की शॉकची जड तबकडी छातीवर दाबून धरली की रक्तदाब किंचित वर चढतो. त्यातून छाती दाबण्याची कल्पना निघाली. जेम्स ज्यूड या सर्जनसह तिघांनी मिळून १९६० च्या जुलैत लेख छापला. त्याचा मथितार्थ असा, की आता हे कुणालाही, कुठेही करता येईल, लागतात फक्त दोन हात. तोपर्यंत अशा वेळी डॉक्टर छाती चिरून हृदय मुठीत धरत असत.

त्याच शहरात पीटर सफार या भूलतज्ज्ञांनी तोंडानं श्वास देण्याची पद्धत पक्की केली. त्यांच्या सांगण्यावरून नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणीवाल्यानं शिकण्यासाठी माणसाएवढी बाहुली बनवली, तिचं नाव अ‍ॅन. लेर्डालचा स्वतःचा लहानगा मुलगा बुडता बुडता वाचला होता, बापानंच त्याला पाण्यातून ओढून काढलं होतं. सफार यांचं नशीब तसं नव्हतं. १९६६ साली त्यांची मुलगी एलिझाबेथ दम्याच्या झटक्यात गेली. तिचं हृदय परत सुरू झालं, पण मेंदू गेला तो गेलाच. जगाला श्वास द्यायला शिकवणाऱ्या माणसाच्या घरी हे घडलं. त्यानंतर त्यांनी पिट्सबर्गमध्ये, गरीब वस्तीतल्या, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या कृष्णवर्णीय तरुणांना शिकवून रुग्णवाहिकेवर उभं केलं. दवाखान्यात पोचेपर्यंतची मिनिटं ज्याच्या हातात असतात त्याला शिकवायचं, हा त्यांचा ध्यास होता.

आता बाकीच्या मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे नर्स आहोत? जरा विचार करा. दुपारी दोन वाजता तुमच्या घरात कोण असतं? सासरे, सासूबाई, पाळण्यातलं मूल, आणि तुम्ही. अमेरिकेतल्या नोंदींत दवाखान्याबाहेर हृदय बंद पडण्याच्या दहांतल्या सातेक घटना घरात घडलेल्या आहेत. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत इजा व्हायला लागते. तेवढ्यात १०८ ची गाडी आपल्या गल्लीत पोचेल असं मला तरी वाटत नाही. म्हणजे सफार यांच्या हिशेबानं ती मिनिटं तुमच्या हातात आहेत.

तुमच्यासाठी अ‍ॅडव्हान्स्ड काही नको. भारतातल्या भूलतज्ज्ञांनी इंडियन रिससिटेशन कौन्सिल स्थापन करून २०१७ मध्ये आपल्या देशासाठी म्हणून नियम छापले. त्यात सामान्य माणसासाठी “कॉल्स” नावाची सोपी रीत आहे : श्वास द्यायचा नाही, फक्त छाती दाबायची. परक्याच्या तोंडाला तोंड लावायची किळस किंवा भीड म्हणून लोक काहीच करत नाहीत, त्यापेक्षा हे शतपटीनं बरं. मी आमच्या वसाहतीत हा वर्ग केला. दोनेक तासांचा होता.

एक फरक आधी पक्का करा. हार्ट अटॅक आलेला माणूस शुद्धीवर असतो. छातीत कळ, घाम, जीव घाबराघुबरा. त्याची छाती दाबायची नाही, बसतं करून तातडीनं दवाखान्यात न्यायचं. हृदय बंद पडलेला माणूस हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वासही घेत नाही. थांबून थांबून आचके देत असेल तर त्याला श्वास समजू नका. बहुतेक ठिकाणी इथंच वेळ जातो. तोंडावर पाणी मार, कांदा हुंगव, तळपाय चोळ, तोंडात पाणी घाल. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी फुफ्फुसात जातं, हे तरी आजपासून घराघरात सांगा.

खांदे हलवून मोठ्यानं हाक मारायची. ओ नाही, धड श्वास नाही, की १०८ लावून फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवायचा. माणूस गादीवर असेल तर खाली फरशीवर उताणा घ्यायचा, गादी दबते, छाती दबत नाही. गुडघे टेकून छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळव्याची टाच, त्यावर दुसरा हात. कोपरं ताठ. कणीक तिंबतो तसं मनगटानं रेटायचं नाही, कमरेतून झुकून अंगाचा भार टाकायचा. निदान पाच सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन बोटांची रुंदी, पण सहापेक्षा जास्त नाही. मिनिटाला शंभर ते एकशेवीस, म्हणजे सेकंदाला दोनला थोडं कमी. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. वाचताना सोपं वाटतं! बाहुलीवर एका मिनिटात माझ्या कपाळावर घाम आला होता. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो तो यासाठीच, तेव्हा शेजारणीला हाक मारून ठेवा. एखादी फासळी कटकन मोडली तरी थांबू नका. फासळी जुळून येते.

आणि भीड. सासऱ्यांच्या छातीला हात कसा लावू, असं वर्गातल्या एकीनं खरंच विचारलं होतं. कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांच्याच मनात तेच होतं. शिकवणारे भूलतज्ज्ञ शांतपणे म्हणाले, “तुम्ही हात लावला नाहीत तर तेराव्याला लावणार का?” शब्द बोचरे होते, पण त्यानंतर सगळ्यांचे हात नीट पडले. याची दुसरी बाजू अशी, की परमुलखातल्या पाहण्यांतही दिसतं, चारचौघांत कोसळलेल्या बाईची छाती दाबायला लोक पुरुषाच्या मानानं कमी पुढे येतात. हात कुठे लागेल, लोक काय म्हणतील! त्या अ‍ॅन बाहुलीला चेहरा बाईचा दिला, पण शिकण्याच्या बहुतेक बाहुल्यांना छाती मात्र सपाट. तेव्हा घरातल्या पुरुषांनाही शिकवा, नाही तर आपल्या वेळेला सगळे लांबूनच बघत राहतील.

मुलांच्या बाबतीत मात्र नुसत्या दाबण्यावर थांबू नका. तीस वेळा दाबणं आणि दोन हलके श्वास, छाती उचलली जाईल इतकेच. वर्षाच्या आतल्या बाळाला तळपायावर टिचकी मारून हाक मारायची, आणि छाती दाबताना एका तळव्याची टाच किंवा छातीला दोन्ही हातांचा विळखा घालून दोन अंगठे वापरायचे. खोली साधारण चार सेंटिमीटर. पूर्वी दोन बोटांनी दाबायला शिकवत, ती रीत २०२५ च्या नव्या नियमांत काढून टाकली, कारण तेवढा जोर बोटांना येत नाही. श्वास देताना बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्यायचं. हे वाचून नाही येत, बाहुलीवरच शिका.

घशात अडकण्याचंही याच नियमांत बदललंय. शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका, खोबऱ्याचा तुकडा, नाणं. मूल खोकत असेल, रडत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला, तोंड निळं पडू लागलं, तर वर्षावरच्या मुलाला आणि मोठ्या माणसालाही आधी पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाठीवर पाच जोरकस थापा, मग मागून कवळ घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत-वर हिसके. निघेपर्यंत आलटून पालटून. गरोदर बाईला पोटाऐवजी छातीवर. तान्ह्या बाळाच्या पोटाला हात लावायचा नाही : हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर तळव्याच्या टाचेनं पाच दाब. तोंडात अंदाजानं बोट घालून काढायला जाऊ नका, वस्तू आणखी आत जाते. दिसली तरच काढा. मूल बेशुद्ध झालं तर लगेच छाती दाबणं आणि श्वास देणं सुरू करायचं.

रस्त्यावरच्या अपघाताला हात लावला तर पोलिसांचं झंझट मागे लागेल, ही भीती २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं काढून टाकली आहे. भल्या हेतूनं मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, आणि आपलं नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

शिकायचं कुठे? गावातल्या भूलतज्ज्ञांना विचारा, कौन्सिलचे वर्ग बहुतेक तेच घेतात. मुलांच्या डॉक्टरांच्या इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचेही असे वर्ग असतात. महिला मंडळानं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटण्याऐवजी एक दुपार डॉक्टरांना बोलावलं तर खर्चही फार यायचा नाही. आठवी-नववीतल्या मुलांनाही बसवा, बारा वर्षांचं मूल हे नीट शिकू शकतं.

आता परत आपल्या सांगलीकडच्या भगिनीकडे. सासूबाईंना एवढंच विचारा, नातवाच्या घशात चिंचोका अडकला तर घरात काय करायचं ते येणारं एक तरी माणूस हवं की नको? दोन-तीन दिवस पोरांचं त्या आनंदानं करतील, बघा. फीचं म्हणाल, तर डॉक्टरीणबाईंना स्पष्ट विचारा, अर्धी दवाखाना भरेल का? नोकरीला लागल्यावर पगारातून हप्त्यानं कापून घेतात असंही काही ठिकाणी चालतं. आणि वर्ग ठरवण्याआधी त्या केंद्राला फोन करून चार गोष्टी विचारून घ्या : एका बाहुलीमागे किती जणी, तान्ह्या बाळाची बाहुली वेगळी आहे का, पुस्तक आधी मिळतं का, आणि कार्ड कोणत्या संघटनेचं. एका बाहुलीमागे दहा-बारा जणी असतील तर दुसरं केंद्र बघा. तुमच्या वाट्याला हात मारायलाच मिळायचा नाही.

कार्डाची मुदत दोन वर्षं असली तरी हात काही महिन्यांतच विसरू लागतात, हे पुष्कळ पाहण्यांत आढळलंय. म्हणून परत आल्यावर महिन्यातून एकदा जमिनीवर घट्ट उशी ठेवून घड्याळ लावून दोन मिनिटं दाबा. मुलांना मोजायला बसवा, त्यांना गंमत वाटेल.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, साडी नेसून गेलं तर चालेल का. नका जाऊ. दिवसभर जमिनीवर गुडघे टेकून बसणं-उठणं असतं. पंजाबी ड्रेस घाला, ओढणीला गाठ मारा किंवा ती घरीच ठेवा, बांगड्या काढून पर्समध्ये टाका, आणि सकाळी निघताना पोटभर खाऊन निघा.